गावकूस नसलेलं गाव

१८८२ साली ब्रिटिश संसदेनं प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा आपला पहिला कायदा केला. कायद्याला जोडलेल्या यादीत ६८ नावं होती. ५० इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधली, १८ आयर्लंडमधली. स्टोनहेंज होतं, थडग्यांचे उंचवटे होते, टेकड्यांवरचे जुने कोट होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरचं ब्रॉडगरचं शिळावर्तुळ आणि मेझहाउचं दगडी थडगंही होतं. झोपड्यांची एक वस्तीसुद्धा यादीत शिरली होती, पण ती भिंतीनं वेढलेली.

ब्रॉडगरपासून दहाएक किलोमीटरवर, स्केल नावाच्या उपसागराच्या काठी, एक अख्खं गाव तेव्हा ३२ वर्षं उघडं पडलेलं होतं. त्यातली चार घरं उपसून झाली होती. त्याचा वृत्तान्त विद्वानांच्या सभेपुढे वाचून झाला होता. स्कारा ब्रे हे नाव मात्र यादीत आलं नाही.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. जपायचं ते काहीतरी भव्य, ही त्या काळची समजूत होती. उभ्या शिळांना गूढ होतं, कोटाला शौर्य होतं, थडग्याला राजा होता. चूल, पलंग आणि सांडपाण्याचा नाला एवढंच ज्याच्यापाशी आहे, आणि ज्याला साधी गावकूसही नाही, अशा गावाला स्मारक कोण म्हणणार? ते गाव कायद्याच्या छत्राखाली आलं कसं, आणि त्याला तट नाही या एका गोष्टीचा अर्थ वेगवेगळ्या पिढ्यांनी काय लावला, याचा हा मागोवा.

सुरुवात वादळापासून होते. १८५०च्या हिवाळ्यात ऑर्कनीवर मोठं तुफान आलं. भरती आणि वारा यांनी मिळून किनाऱ्यावरच्या एका वाळूच्या टेकाडाचं गवती कातडं सोलून काढलं आणि खालून दगडी भिंती दिसू लागल्या. जमीन स्केलच्या जमीनदाराची, विल्यम वॉट यांची. त्यांनी स्वतःच खोदायला घेतलं आणि १८६८पर्यंत चार घरं मोकळी केली. जॉर्ज पेट्री या ऑर्कनीच्याच अभ्यासकानं १८६७मध्ये स्कॉटलंडच्या पुरातत्त्व मंडळाला त्याची हकिगत कळवली. वॉट यांना सापडलेल्या वस्तूंत देवमाशाच्या हाडाची, वीतभरही नसलेली एक मानवाकृती होती. ती पुढे नजरेआड झाली आणि २०१६मध्ये स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयातल्या एका खोक्यात पुन्हा सापडली. डोळे, तोंड आणि बेंबी एवढंच कोरलेल्या त्या आकृतीला आता तिथले लोक ‘बडो’ म्हणतात.

वॉट यांनी जे उघडं केलं ते युरोपात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं. ऑर्कनीत झाडं फारशी नाहीत. दगड मात्र असा की तो थराथरांनी सुटतो आणि शहाबादी फरशीसारख्या लाद्या हाती येतात. म्हणून जे इतरत्र लाकडाचं असतं आणि कुजून जातं, ते इथं दगडाचं होतं आणि टिकलं. घरात मध्यभागी चौकोनी चूल. दोन्ही अंगांना लाद्या उभ्या करून केलेले पलंग. दारासमोरच्या भिंतीला दोन खणी दगडी मांडणी, म्हणजे आत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी. जमिनीत पुरलेल्या दगडी पेट्या, सांधे चिकणमातीनं लिंपलेले. भिंतीच्या जाडीत लहान कोठड्या, आणि त्यांतल्या काहींखालून जाणारा नाला, बहुधा शौचकूप. सगळी घरं एका साच्यातली, आणि त्यांना जोडणारे छत घातलेले बुटके बोळ, ज्यांतून वाकूनच जावं लागे.

आणि या सगळ्याभोवती उकिरडा. राख, शिंपले, हाडं, शेण, कुजलेला पाला असा पिढ्यान् पिढ्यांचा थर. घरं या उकिरड्यात छपरापर्यंत रुतवलेली होती. नुसत्या दगडी भिंतींतून अटलांटिकचा वारा आत शिरला असता. उकिरड्यानं तो अडवला, ऊब धरून ठेवली आणि भिंतींना टेकूही दिला. तेव्हा गावाला कूस नव्हती असं म्हणताना एवढं लक्षात ठेवायला हवं की आडोसा होता. तो माणसांपासून नव्हता, वाऱ्यापासून होता.

आता कायद्याकडे वळू. १८८२चा कायदा ज्यांच्या चिकाटीनं झाला ते जॉन लबक म्हणजे बँकवाले, खासदार आणि प्रागितिहासाचे अभ्यासक. अश्मयुगाचे जुना आणि नवा असे दोन भाग त्यांनीच १८६५च्या आपल्या ग्रंथात पाडले. एव्हबरीच्या शिळावर्तुळावर घरं उठू नयेत म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून तिथली जमीन विकत घेतली होती. त्यांचं विधेयक १८७३पासून संसदेत पुन्हापुन्हा येत होतं आणि पडत होतं. आक्षेप एकच : माझ्या जमिनीतल्या दगडाचं काय करायचं हे सरकार कोण सांगणार? शेवटी जो कायदा झाला तो मालकाच्या मर्जीवर चालणारा होता. मालक राजी असेल तर सरकार देखभाल घेणार, नसेल तर हात जोडणार. पहिले निरीक्षक जनरल पिट-रिव्हर्स यांचं बरंचसं काम म्हणजे जमीनदारांची मनधरणी होती.

कायद्याला दात आले ते १९१३मध्ये. त्या वर्षीच्या नव्या कायद्यानं सूचीत नाव आलेल्या स्थळाला हात लावण्याआधी मालकानं सरकारला कळवणं बंधनकारक केलं आणि नाशाची भीती असेल तिथं मनाई हुकूम काढण्याची सोय केली. योगायोग असा की त्याच १९१३मध्ये एक टोळकं फावडी घेऊन स्कारा ब्रेला आलं आणि एका शनिवार-रविवारात हाताला लागेल ते उचलून घेऊन गेलं. काय नेलं, किती नेलं, याची कुठंही नोंद नाही. तट नसलेल्या गावावर झालेली, आपल्याला खात्रीनं माहीत असलेली लूट ती एवढीच. तीही गाव ओसाड होऊन साडेचार हजार वर्षं लोटल्यावर.

१९२४मध्ये स्कारा ब्रे सरकारच्या देखभालीखाली आलं. त्याच वर्षी डिसेंबरातल्या वादळानं एका घराचा काही भाग समुद्रात ओढून नेला. मग घाई झाली. १९२५-२६मध्ये गाव आणि समुद्र यांच्यामध्ये एक भक्कम भिंत उभी राहिली. ज्या गावानं आपल्या हयातीत तट बांधला नव्हता, त्याला पहिला तट सरकारनं बांधून दिला. स्कारा ब्रे पाहायला जाणाऱ्याला समुद्राच्या बाजूनं जी भिंत दिसते, ती गावाच्या मानानं अगदी नवी आहे.

बांधकाम खात्याची माणसं पडझड सावरत असताना आणखी घरं निघू लागली, तेव्हा जाणकाराची गरज भासली. एडिनबरो विद्यापीठात नुकतेच प्राध्यापक झालेले गॉर्डन चाइल्ड यांना बोलावलं गेलं. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, विचारांनी मार्क्सवादी, युरोपच्या प्रागितिहासाचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. १९२८ ते १९३० या काळात त्यांनी इथं काम केलं आणि १९३१मध्ये ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावातच हे पिक्ट लोकांचं गाव असल्याचं म्हटलं होतं. पिक्ट म्हणजे रोमन काळात आणि त्यानंतर उत्तर स्कॉटलंडात राहणारे लोक. ऑर्कनीत जमिनीखाली काहीही दगडी सापडलं की ते पिक्टांचं घर, अशी लोकांची जुनी समजूत होती. चाइल्ड यांनीही गावाचा काळ लोहयुगाच्या आसपास धरला.

पण लोहयुगाशी एक गोष्ट जुळत नव्हती. लोहयुगातल्या ऑर्कनीकरांना तट बांधायची हौस होती आणि अक्कलही. ब्रॉख म्हणतात ते दुहेरी भिंतींचे उंच दगडी बुरूज याच बेटांवर जागोजागी आहेत. गर्नेसचा ब्रॉख तर खंदक आणि तटबंदीच्या कड्यांत बसलेला आहे. दगड तोच, बेटं तीच. मग हे एक गाव तेवढं उघडं का?

उत्तर खापरांनी दिलं. १९३६मध्ये स्टुअर्ट पिगट यांनी दाखवलं की स्कारा ब्रेची खोबणीदार नक्षीची भांडी इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर सापडलेल्या नवाश्मयुगीन भांड्यांच्या कुळातली आहेत. पुढे चाइल्ड यांनीच वॉल्टर ग्रँट यांच्यासह शेजारच्या राउझे बेटावर रिन्यो इथं तसंच दुसरं गाव खणलं आणि तिथल्या थरांनी या भांड्यांचं जुनेपण पक्कं केलं. आपण लिहिलेला काळ चाइल्ड यांनी बदलला. १९७२-७३मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी पुन्हा उत्खनन केलं. किरणोत्सर्गी कार्बनच्या तारखा आल्या आणि गावाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० ते २५०० असा ठरला. म्हणजे सिंधूकाठी मोहेंजोदडो भरात येऊ लागलं तेव्हा ऑर्कनीतलं हे गाव रिकामं होण्याच्या बेतात होतं. ब्रॉख बांधणारे त्यानंतर दोन हजार वर्षांनी आले.

काळ ठरला, तरी तट का नाही हा प्रश्न उरलाच. चाइल्ड यांना या गावात कुणाचा वाडा दिसला नाही. घरं जवळजवळ सारखी, सामान सारखं, हौदभर धान्य एकाच्याच घरी असं काही नाही. मालमत्तेची उतरंड नसलेला समाज त्यांना इथं दिसला. ते खोटंही नव्हतं. पण दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपात बसून लिहिणाऱ्या मार्क्सवाद्याला तेच दिसावं, हेही नवल नाही. गावाचा शेवट मात्र त्यांनी नाट्यमय कल्पला. एका घराच्या अरुंद दारात तुटलेल्या माळेचे मणी विखुरलेले होते. वाळूचं वादळ आलं आणि बाई जीव घेऊन पळताना माळ तुटली, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. गाव एका रात्रीत नव्हे, हळूहळू ओस पडलं, असं आता मानलं जातं.

१९७०च्या दशकात यूअन मॅकी यांनी नेमकं उलटं मांडलं. त्यांच्या मते हे साध्या शेतकऱ्यांचं गाव नव्हतंच. शिळावर्तुळं आखणाऱ्या ज्ञानी पुरोहितांचं हे निवासस्थान होतं आणि त्यांना अन्न बाहेरून येत असे. ज्याच्यावर हात उचलायची कुणाची छाती नाही, त्याला तट कशाला? ही मांडणी फार टिकली नाही. गाई, मेंढ्या, बार्ली, मासे, शिंपले या सगळ्यांचे अवशेष तिथं शेतकरी आणि कोळी यांचं जगणं सांगतात. एका वेळी शंभराच्या वर माणसं तिथं राहत नसावीत. १९८०च्या दशकात कॉलिन रिचर्ड्स यांनी ब्रॉडगरजवळ बार्नहाउस ही समकालीन वस्ती शोधली. घराची रचना, चुलीची जागा आणि थडग्याचा आराखडा यांत त्यांना एकच विश्वकल्पना दिसली. तेव्हापासून लक्ष तटावरून दारावर आलं.

दार खरोखरच बोलकं आहे. स्कारा ब्रेच्या दारांना अडसर घालण्यासाठी बाजूच्या भिंतींत खोबण्या आहेत. गावाला वेस नव्हती, पण घराला अडसर होता. कुणाला केव्हा आत घ्यायचं हे प्रत्येक घर आपलं आपण ठरवत होतं. सातव्या क्रमांकाच्या घराचा अडसर तर बाहेरून घालायचा होता, आणि त्याच्या भिंतीखाली दोन स्त्रियांची दफनं निघाली. आठवं घर बाकीच्यांपासून सुटं. तिथं पलंग नाहीत, मांडणी नाही, दगडी हत्यारं घडवताना उडालेल्या कपच्या मात्र ढीगभर. तेव्हा सगळी घरं सारखी, हेही पूर्ण खरं नाही.

तट नाही म्हणजे भांडण नाही, असा निष्कर्ष काढायची घाईही नको. ऑर्कनीतल्याच इस्बिस्टरच्या नवाश्मयुगीन थडग्यात ज्या कवट्या सापडल्या, त्यांतल्या काहींवर घावांच्या खुणा आहेत, काही बऱ्या झालेल्या. त्या काळची माणसं एकमेकांना मारत होती; फक्त त्या भीतीवरचा उपाय म्हणून भिंत बांधत नव्हती. उलट भिंत होती तिथं भीती होती, हेही सिद्ध होत नाही. २००३पासून ब्रॉडगरच्या चिंचोळ्या भूपट्टीवर जी प्रचंड बांधकामं उजेडात आली, त्यांच्या एका बाजूची भिंत चार मीटरपर्यंत रुंद आहे. ती शत्रूसाठी नसून आतलं आणि बाहेरचं यांच्यातली सीमा ठळक करण्यासाठी असावी, असा बहुतेकांचा कल आहे. बाहेरच्यानं कुठं थांबावं हे सांगायलाही भिंत लागते.

या कहाणीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९३०च्या दशकात लंडनला पीएच.डी. करत असताना ह. धी. सांकलिया मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर काम शिकले. मेडन कॅसल म्हणजे खंदक आणि तटांच्या एकामागून एक कड्यांनी वेढलेला डोंगरी कोट. शिक्षण कोटावर झालं, पण डेक्कन कॉलेजात आल्यावर सांकलियांनी ज्या कामानं नाव कमावलं ते शेतकऱ्यांच्या वस्त्यांचं. १९५०-५१मध्ये प्रवरेकाठी जोर्वे, मग नेवासे, आणि १९६८पासून १९८३पर्यंत शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव. इनामगावला म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या साथीनं शंभराहून अधिक घरं उकलली गेली. तिथंही प्रश्न तोच होता : इथला मोठा माणूस कोण? चाइल्ड यांना वाडा सापडला नव्हता. इनामगावात धान्यकोठाराशेजारी पाच खोल्यांचं घर निघालं आणि ते गावप्रमुखाचं ठरलं. तिथं एक लांबलचक बांधही निघाला, शेजारी पाट असलेला, नदीचं पुराचं पाणी वळवण्यासाठी घातलेला. गावानं एवढे कष्ट घेतले ते पाण्यासाठी.

आपल्याकडचा कायदाही त्याच घराण्यातला. कर्झनच्या कारकिर्दीत १९०४मध्ये झालेल्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याची नजर मुख्यतः देवळं, मशिदी, लेणी, किल्ले यांवर होती. १९५८च्या कायद्यानं स्मारकाबरोबर पुरातत्त्वीय स्थळ असा वेगळा गट ठळकपणे मांडला, तेव्हा जमिनीखालच्या वस्तीला कायद्यात स्वतःची जागा मिळाली. पण महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या टेकाडाला लोक पांढरी म्हणतात आणि तिची माती घराच्या धाब्यासाठी आणि शेतासाठी कितीतरी पिढ्या उचलत आले आहेत. किल्ल्याचा चिरा काढणारा चोर ठरतो. पांढरीची गाडीभर माती नेणाऱ्याला आपण काही नेलं असं वाटतही नाही. तट नसलेल्या जागेची अडचण ही अशी. ती कुठं सुरू होते हेच दिसत नाही, मग ती मोडली हे तरी कसं कळावं?

स्कारा ब्रेचं नशीब या बाबतीत चांगलं. मेझहाउ, स्टेननेसच्या शिळा आणि ब्रॉडगर यांच्यासह त्याला १९९९मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. १८८२च्या यादीत जे शेजारी एकटे बसले होते, त्यांच्या पंगतीत ते ११७ वर्षांनी बसलं. आज त्यांतलं सर्वांत लोकप्रिय तेच. सातव्या घराची प्रतिकृती शेजारी उभारली आहे, कारण खऱ्या घरात माणसं सोडली तर ते उरणार नाही.

समुद्राला मात्र हा मान ठाऊक नाही. गाव वसलं तेव्हा किनारा बराच दूर होता. आता लाटा भिंतीच्या पायाशी आहेत. भिंत मधल्या भागाला वाचवते, पण तिच्या दोन्ही टोकांना किनारा खचत राहतो आणि गाव हळूहळू पुढे आलेल्या टोकासारखं समुद्रात शिरतं. २०१९मध्ये हवामानबदलाच्या दृष्टीनं या वारसास्थळाची तपासणी झाली तेव्हा ते अत्यंत धोक्यात असलेल्यांत मोडलं. भिंत लांबवता येते, उंच करता येते. प्रत्येक वेळी नवी टोकं तयार होतात.

याच बेटसमूहात वेस्ट्रे बेटावर लिंक्स ऑफ नोल्टलँड नावाची दुसरी वस्ती आहे, तिलाही वारा आणि वाळू खात होते. तिथं भिंत घातली नाही. नष्ट होण्याआधी खणून, मोजून, नोंदवून घ्यायचं ठरलं. २००९मध्ये तिथं वाळुकाश्माची एक चिमुकली स्त्रीमूर्ती हाती आली, ती त्या खणण्यामुळेच. उत्खनन हेही रक्षणच, पण वेगळ्या तऱ्हेचं. त्यात माहिती राहते आणि गाव जातं.

स्कारा ब्रेत राहणाऱ्यांना एक सोय होती. वाळू वाढली, शेती आक्रसली, किनारा सरकला, तेव्हा ते उठून दुसरीकडे गेले. कायद्याला तशी सोय नाही. त्यानं जागेशी गाठ मारली आहे. लबक यांच्या पिढीपुढे प्रश्न होता, काय जपण्याजोगं आहे? त्याचं उत्तर यादी वाढवत नेऊन देता आलं. आता ऑर्कनीपासून कोकणापर्यंत जिथं जिथं किनाऱ्यावर जुनी वस्ती आहे, तिथं कशाला भिंत घालायची आणि कशाला खणून घेऊन निरोप द्यायचा हे ठरवावं लागणार आहे. त्यासाठी कापायच्या नावांचीही यादी करावी लागेल, आणि तसली यादी जोडलेला कायदा अजून कुठल्याच संसदेनं केलेला नाही.